मोठे टायर, जुने गिअर

अपघाताच्या कागदावर ‘चूक ड्रायव्हरची’ एवढं लिहून मोकळे झालात, फौजदारसाहेब! घाटात ट्रकसकट जीव गेलेल्या त्या ड्रायव्हरची, बहिरूची बायको उज्वला तोच कागद घ्यायला तुमच्या ठाण्यातल्या बाकावर बसली होती. शेजारी गॅरेजवाले दोन मिस्तरी बोलत होते.

“इसाकभाई, ट्रकला मोठे टायर चढवले, मग मागच्या आसातले डिफरन्शियलचे गिअर त्या मापाने का नाय बदलले तुम्ही?”

“शेठ म्हणाला, द्राक्षाचा सीझन उरकू दे.”

“आन् उतारावर?”

“जुन्या गिअरवर इंजिन मोठ्या टायरची गाडी रोखून धरत नाय. सगळा भार ब्रेकवर. तापले, गेले.”

“बहिरूला ठाऊक होतं?”

“त्याला वाटलं, बदललेत. टायरला कुंकू लावून मलाच पेढा देऊन गेला.”

उज्वला उठली.

“भाऊ, मी बहिरूची बायको. आत साहेबासमोर हेच बोलाल का? बोला, येताय का नाय?”