उबेला ठेवलेल्या बॅटऱ्या

थंडीत कॅमेरा जपायचं मला सांगूच नका. भंडारदऱ्याचा सूर्योदय टिपायला गेलो आणि राजूरजवळ एका मावशींकडे उतरलो. गारठ्यात बॅटऱ्या लवकर उतरतात, म्हणून संध्याकाळीच त्यांना म्हटलं, “या उबेला ठेवा, फक्त चुलीजवळ नको.”

पहाटे मागितल्या, तर मावशींनी कोपऱ्यातलं डालगं दाखवलं. आत खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली आणि बॅटऱ्या तिच्या पोटाखाली. मी हात घातला तर तिनं चोच मारली.

“तिला उठवू नका, अंडी गार व्हतील,” मावशी म्हणाल्या.

“मग कधी उठते ही?”

“दानं खायला उठती की. ऊन आल्यावर.”

सूर्योदयाच्या फोटोसाठी आधी सूर्य उगवायची वाट बघायची, हे गणित मला अजून सुटलेलं नाही.