भट्टीजवळचं स्टूल

अहो अहो, तिथं नको! त्या स्टुलावर नको बसूस — बसू नका, म्हणजे. माफ करा पाळकसाहेब, तुम्ही माझ्या धाकट्यापेक्षाही लहान, जीभ घसरते. ते मैद्याचं पोतं आहे ना, त्यावर टेका. पँट पांढरी होईल? होऊ दे. बेकरीत आलाय, दवाखान्यात नाही. — का नको म्हणजे? ओलं आहे. आत्ताच पुसलंय. झालं समाधान?

हं, तर काय म्हणत होतात — स्मरण. प्रभूचं मनापासून स्मरण केलं की तो जवळ येऊन बसतो. वा! छान बोलता. रविवारी वर उभं राहून बोलता तेव्हा तर आणखी छान वाटत असेल, मी आताशा नसते ऐकायला. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय? पहाटे उठून या भट्टीच्या तोंडाशी उभे राहा, कोपरापर्यंत हात पिठात घाला, आणि मग मिटा डोळे नि करा स्मरण — पाव करपले की कळेल कोण जवळ येतं ते. गिऱ्हाईक येतं, भांडायला! आणि हे बघा, ताकाला जाऊन भांडं लपवू नका. माझं सांत्वन करायला नाही आलात तुम्ही. आमचे हे गेल्यापासून मी चर्चला येत नाही, तेव्हा प्रभुभोजनाला सगळ्यांना तुकडा तुकडा वाटता ती भाकर मी पुढं भाजणार की तुम्ही त्या पाकिटातल्या चकत्या मागवायच्या, एवढंच विचारायचंय ना? मग विचारा की सरळ! मागवा चकत्या. टाळूला चिकटतात मेल्या — माणसाला प्रभू आठवायच्या आधी पाणी आठवतं.

स्मरण करायचे ते आमचे हे. तुमच्यासारखं डोळे मिटून नाही — यांना डोळे मिटायला फुरसत कुठली! पीठ मळता मळता बडबड चालायची. 'ये, बस. आज मैदा जरा चिवट आलाय बघ. थोरल्याचा खोकला जात नाही रे, काय करावं?' कुणाशी? येशूशी! बायको शेजारी उभी आहे, तिला नाही सांगायचं काही. आणि त्याला बसायला म्हणून हे स्टूल. एवढीशी खोली, वळायला जागा नाही, मी जन्मभर उभ्यानं काम केलं, पाय सुजून भोपळे झाले — आणि स्टूल कुणाला, तर ज्याला बसलेला कधी कुणी पाहिला नाही अशा पाहुण्याला! एकदा मी त्यावर तापलेला ट्रे ठेवला. यांनी तसाच उचलला, हात पोळला तरी उचलला, आणि म्हणाले, 'अगं, भाजेल ना त्याला.' मी म्हटलं, सुताराचं पोर आहे तो, करील की स्वतःचं स्टूल स्वतः! हसा, हसा. हेही हसले होते. पण ट्रे काही ठेवू दिला नाही.

— चमत्कार? अहो, चमत्कार कसला? हेच आवडत नाही मला तुम्हा लोकांचं. ऐका तुमचा चमत्कार. हे गेल्यावर मी पहिल्यांदा एकटीनं पीठ भिजवलं, आणि मीठ विसरले. मीठ कायम यांच्या हातचं, मी नुसती मळायची. झालं, सगळे पाव अळणी! लोक तोंडं वाकडी करून परत आणून देताहेत. आता तुम्हीच सांगा, तो तिथं बसलेला असता, तर 'बाई, मीठ' एवढं म्हणायला त्याचं काय जात होतं? मग मी शटर ओढलं, इथं खाली बसले, आणि रडले. हो, रडले, बघता काय? यांना हाका मारल्या. यांच्या शिंका, यांची भांडणं, कानामागं लागलेलं पीठ, सगळं सगळं आठवून हाका मारल्या. नाही आले. गेलेलं माणूस येत नाही, एवढं मलाही कळतं. शेवटी दमून डोकं टेकलं, ते या स्टुलाला टेकलं. आणि — काही नाही. मीठ विसरले, एवढीच गोष्ट.

काय? यांचा भास झाला असेल? अहो, यांना मी ओळखलं नसतं होय! आमचे हे क्षणभर गप्प बसणाऱ्यातले नव्हते. ते अळणी पाव बघून तर घर डोक्यावर घेतलं असतं. इथं जो होता ना, तो गप्प होता. मला डोकं उचलावंसंच वाटेना, असा गप्प. आता रोज पहाटे असतो. मी आपली बोलते — मैद्याचं, सुनेचं, कशाचंही — आणि तो ऐकत...

छे! हे काय काढून घेताय तुम्ही माझ्याकडून? उठा, उठा आता, माझी भट्टी निवतेय. भाकरीसाठी शनिवारी संध्याकाळी पाठवा कुणाला तरी, नेहमीसारखं. मीठ असेल घातलेलं. आणि यातलं एक अक्षर जरी रविवारी वर उभं राहून बोललात, तर चकत्याच खाल जन्मभर, सांगून ठेवते. निघा. — अहो, तिकडून नको, इकडून, पोत्याच्या बाजूनं! धक्का लागेल ना त्याला.