पासवर्ड मांजरीचा

चिआंग माईत खाओ सोई नूडल्सच्या गाडीपुढच्या रांगेत माझ्यापुढे दोघी जणी होत्या.

“चन्थिराताई, भाच्यानं तुमचं वायफाय फोडलं म्हणे?”

“फोडतोय कसला! सिंगापूरहून सुरक्षातज्ज्ञ होऊन आलाय. म्हणाला, मावशी, तुझा पासवर्ड दहा मिनिटांत ओळखतो. तीन दिवस घाम गाळला आणि हात टेकले.”

“होता तरी काय?”

“मांजरीचं नाव.”

“ते नाही सुचलं त्याला?”

“सुचलं की! थाईत टाकलं, इंग्रजीत टाकलं. पण माझा कीबोर्ड इंग्रजीवरच राहिलेला, आणि मी बटणांवरची थाई अक्षरं बघून दाबत गेले. उमटलं भलतंच!”

“म्हणजे चूकच की तुमची.”

“तीच चूक आता तो ऑफिसात शिकवतोय!”

“हळू बोला, रांग ऐकतेय.”

“ऐकू दे. मांजरी सात आहेत.”