बांधावरचा भरलेला हंडा

पुरवणी जबाब

दिनांक २५ एप्रिल २०२५, वार शुक्रवार, सकाळी ११ वाजून २० मिनिटे

मी गुणाबाई बारकू वेखंडे, वय ५७ वर्षे, धंदा शेती व घरकाम, शिक्षण दुसरी, राहणार मौजे सागपोंडे, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे. आज कोणी न बोलावता स्वतःच्या पायाने ठाण्यात आले असून, विचारल्यावरून आणि न विचारलेलेही, खालीलप्रमाणे सांगते की,

मी वरील ठिकाणी मुलगा अनिल, सून सारिका यांच्यासह राहते. माझे मालक बारकू वेखंडे सहा वर्षांपूर्वी वारले. अनिल वाशिंदला कंपनीत कामाला आहे. घरी दीड एकर भातशेती व दोन म्हशी आहेत.

परवा बुधवारी, २३ तारखेला संध्याकाळी, मी याच ठाण्यात फिर्याद दिली होती. त्यात असे सांगितले होते की, त्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास माझी पेंढ्याची उडवी, म्हणजे म्हशींचा पावसाळ्याचा सगळा चारा, मंगळू धाऊ मेंगाळ, वय २३, राहणार आमच्याच गावची वाडी, याने रागाने पेटवून दिली. ती फिर्याद खोटी आहे. मंगळूने उडवी पेटवलेली नाही. ती माझ्यामुळे पेटली. कशी, ते सांगते.

हवालदार साहेब घाटावरचे आहेत, त्यांना राब माहीत नाही, म्हणून सांगते. भाताचे रोप जिथे टाकायचे ती जमीन आम्ही पावसाच्या आधी भाजतो. शेण, पाला, वर गवत, त्यावर माती असे थर देऊन पेटवतो. वरून काळे पडले तरी खाली शेण धुमसत असते. म्हणून राबापाशी माणूस लागतो. आमचे मालक सांगायचे, राखेवर तळवा टेकवता आला तरच घरी यायचे. ते गेल्यावर मीही सहा वर्षे तसेच केले. शेवटी एक हंडा पाणी कडेने फिरवून ओतायचे, आग झोडपायला हातात हिरवा टहाळा ठेवायचा, तळवा टेकवायचा आणि मग निघायचे.

मंगळवारी, २२ तारखेला सकाळी साडेदहाला मी राब पेटवला. त्या दिवशी मुरबाडला माझ्या भावाच्या मुलीची, रविनाची, हळद होती. साडेबाराला काळी-पिवळी जीप आमच्या फाट्यावर येणार होती. विहिरीवरून हंडा भरून आणून मी पलीकडच्या बांधावर, पळसाखाली, थाळी झाकून ठेवला होता.

साडेबाराच्या थोडे आधी हिरी धाऊ मेंगाळ, म्हणजे मंगळूची आई, सरपणाच्या फाट्यांचा भारा घेऊन तिथून जात होती. हिरी आणि मी एका वयाच्या. लावणीला ती माझ्या शेतात येते, मी तिच्या शेतात जाते. आज तीस वर्षे असेच चालू आहे. ती म्हणाली, "वारा सुटलाय गो. पाणी वतून जाशील नं?" मी म्हणाले, "ओतते गो. हंडा हितंच ठेवते, तेवढा घरी आणून दे." ती म्हणाली, "उद्या मी कैऱ्या घेऊन बाजारात हाय. गुरुवारी आणून देते." एवढेच बोलणे झाले. ती वाडीकडे गेली.

जीपने हॉर्न वाजवला. हंडा माझ्यापासून दहा पावलांवर होता. अंगावर हळदीला जायचे नवे पातळ होते. ओल्या राखेचे शिंतोडे उडतात आणि ते डाग जात नाहीत. जीपने दुसऱ्यांदा हॉर्न वाजवला. मी जीपकडे गेले.

हवालदार साहेबांनी इथे "घाईत पाणी ओतण्यास विसरले" असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले. मी विसरले नाही. जीपमध्ये बसले तेव्हा आठवत होते. मुरबाडला उतरले तेव्हाही आठवत होते. हळद लावताना एकदा आठवले, तेव्हा मनाशी म्हटले, एका दिवसाने काय होते.

बुधवारी दुपारी तीन वाजता मी परत आले. तोवर उडवी जळून बसली होती. गावातली माणसे टहाळे घेऊन उभी होती. मंगळू उडवीपाशी होता. तोंड, हात, सदरा, सगळे काळे झाले होते. सोमवारी माझ्या बांधावरच्या ऐनाच्या झाडाचा टहाळ त्याने न विचारता तोडला म्हणून मी त्याला चार माणसांत नको ते बोलले होते. त्याचे काळे हात बघितले आणि माझ्या डोक्यात तेच बसले. मी तिथेच ओरडले, "मेल्या, सूड घेतलास!" तो म्हणाला, "काकी, मी इजवत व्हतो." मी ऐकले नाही. अनिलला फोन लावला आणि आम्ही ठाण्यात आलो.

फिर्यादीत मी दोन गोष्टी चुकीच्या सांगितल्या. पहिली, साहेबांनी विचारले, राब विझला होता का? मी म्हणाले, मंगळवारीच हंडाभर पाणी ओतून विझवला. दरवर्षी ओतते, त्यामुळे ते तोंडात तयारच होते. सांगताना खोटे बोलते असे वाटलेसुद्धा नाही. दुसरी, मी म्हणाले की त्याचे हात काळे होते. त्याच्या उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत फोड आले होते, ते मी सांगितले नाही. फोड मला दिसले होते.

काल गुरुवारी मंगळूला ठाण्यात बोलावले. सकाळी दहापासून चारपर्यंत तो आत बसला होता आणि हिरी बाहेर. मंगळूला वाशिंदकडे एका गोदामात रखवालदाराची नोकरी लागली आहे, दोन मेपासून हजर व्हायचे आहे. त्यासाठी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला लागतो. त्याचा अर्ज याच ठाण्यात पडून आहे. माझी फिर्याद त्या अर्जाला लागली तर त्याला दाखला मिळणार नाही, हे मला अनिलने बुधवारीच सांगितले होते. तेव्हा मला बरे वाटले होते. हे कबूल करायला लाज वाटते, पण वाटले होते.

काल संध्याकाळी साडेपाचला मी म्हशींना पाणी दाखवत होते. हिरी अंगणात आली. तिच्या डोक्यावर माझा हंडा होता. ती ठाण्यातून परत आल्यावर घरी न जाता आधी बांधावर गेली होती. बांधावरून माझे घर वीस मिनिटांची चढण आहे.

ती म्हणाली, "गुणाबाय, तुजा हंडा."

मी म्हणाले, "ठेव."

तिने हंडा उतरवला, चुंबळ काखेत धरली. थाळी तशीच झाकलेली होती आणि थाळीवर जळक्या गवताची राख पडलेली होती. मी थाळी उचलली. हंडा दोन बोटे कमी, बाकी भरलेला.

मी थाळी परत झाकली. मग काहीतरी बोलायचे म्हणून म्हणाले, "एवढं वझं भरलेलं कशाला आणलंस? ओतून टाकायचंस."

ती म्हणाली, "चैतात पाणी कोण वतून टाकतं गो?"

मी विचारले, "तुला कळलं ना?"

ती म्हणाली, "हंडा उचलला तवाच कळलं."

मी म्हणाले, "अगं, मग हा असाच ठाण्यात न्यायचास! साहेबांना दाखवायचास. पोरगा तिथल्या तिथं सुटला असता."

ती म्हणाली, "मी तुला आणून देते म्हणाले व्हते. पोलिसांना नाय."

मग तिने प्यायला पाणी मागितले. मी घरातून तांब्या आणून दिला. त्या हंड्यातले द्यायला माझा हात पुढे झाला नाही. पाणी पिऊन ती गेली. मला एक वाईट शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते, मी पण चार शब्द बोलले असते आणि भांडण होऊन मोकळी झाले असते.

ती गेल्यावर मी राबावर गेले. राबाच्या खालच्या कोपऱ्यापासून बांधाचे गवत जळत गेलेले होते, हातभर रुंद काळा पट्टा, तो सरळ उडवीपर्यंत. बुधवारी मी तिथेच उभी होते. तेव्हा मी पट्ट्याकडे बघतच नव्हते, मंगळूकडे बघत होते. काल त्या कोपऱ्यात मी तळवा टेकवला. दोन दिवसांनीही खाली ऊब होती.

अनिल कामावरून आल्यावर मी त्याला सगळे सांगितले. तो म्हणाला, "आई, आता गप राहा. फिर्याद फिरवलीस तर तुझ्यावरच केस होईल. मंगळूला काय, दुसरी नोकरी मिळेल." मी त्याला विचारले, तुला वाशिंदला लागायला किती वर्षे गेली? तो जेवला आणि उठला. तो वाईट मुलगा नाही, आईसाठी बोलला. पण मला त्याचे पटले नाही.

आमच्या गावात सप्ताह असतो. कीर्तनात कर्माचे सांगतात. मी इतकी वर्षे समजत होते की कर्म म्हणजे मोठी गोष्ट. कोणाचा बांध कोरणे, कोणाच्या लेकराच्या वाईटावर असणे, मागच्या जन्मीचे पाप. ते मी काही केले नाही, म्हणून मी निर्धास्त. येते म्हणाले नि गेले नाही, देते म्हणाले नि दिले नाही, असे दिवसातून चार वेळा होते, ते कोण धरून बसतो? आता वाटते तेच धरलेले असते. मंगळवारी दुपारी मी ओतते म्हणाले आणि ओतले नाही. बुधवारी दुपारी उडवी गेली. माझे मला मिळाले, त्यात अन्याय काही नाही. पण मी ते माझ्या पदरात ठेवले नाही. उचलून हिरीच्या दारात नेऊन टाकले. आणि ज्या दिवशी टाकले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती माझा हंडा घेऊन आली, कारण गुरुवार होता.

हवालदार साहेब म्हणाले, "मावशी, कर्म वगैरे जबाबात येत नाही. काय घडलं तेवढं सांगा." मी म्हणाले, साहेब, हेच घडले. तेव्हा त्यांनी लिहिले.

आज सकाळी मी वाडीवर जाऊन हिरीला म्हणाले, "चल माझ्यासंगती." ती कुठे, कशाला, काही न विचारता आली. हंडा आम्ही पुरावा म्हणून बरोबर आणला आहे. जीपमध्ये हिरी माझ्याशी बोलली नाही. पण रस्त्याला खड्डे फार, तर सबंध वाटभर तिने थाळी दाबून धरली होती. तरी अर्धा सांडला. तो इथे टेबलाजवळ ठेवला आहे. साहेबांनी बघितला आणि म्हणाले की पाणी मुद्देमाल म्हणून जमा करून घेता येत नाही. मी म्हणाले, मग नुसते बघून ठेवा.

खोटी फिर्याद दिली म्हणून माझ्यावर कारवाई होऊ शकते, हे साहेबांनी मला दोनदा समजावून सांगितले. मला समजले आहे. जी होईल ती होऊ दे. मंगळू धाऊ मेंगाळ याच्याविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. तो आग विझवायला सगळ्यांच्या आधी धावला आणि त्यात त्याचा हात भाजला, हे मी आज सांगते. बुधवारीच सांगायला हवे होते. ऐनाच्या टहाळाबद्दलही माझे काही म्हणणे नाही. झाडाला परत फुटेल.

शेवटी मी साहेबांना विचारले की मंगळूचा दाखल्याचा अर्ज पुढे कधी जाणार. ते म्हणाले, "बघतो." मी म्हणाले, "साहेब, बघतो नको. पाठवतो म्हणा, नायतर नाय म्हणा. मी पण मंगळवारी असंच म्हणाले होते." साहेबांनी हंड्याकडे बघितले. मग म्हणाले, "सोमवारी बारा वाजेपर्यंत शेरा मारून पाठवतो." मी म्हणाले, हे पण लिहा. ते म्हणाले, पोलीस काय बोलले ते साक्षीदाराच्या जबाबात लिहायची पद्धत नाही. मी म्हणाले, मग माझाही अंगठा उठत नाही. तेव्हा त्यांनी हसून लिहिले. ते वर लिहिल्याप्रमाणे आहे. दाराशी हिरी उभी होती, तिनेही ऐकले आहे.

सोमवारी बारा वाजता मी आणि हिरी बाहेरच्या बाकड्यावर येऊन बसणार आहोत. हिरीला विचारलेले नाही, तिचे ती ठरवील. मी येते म्हणून सांगते आहे, तर मी येणार आहे.

हा जबाब हवालदार साहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला. दोन ठिकाणी मी थांबवले, ते दुरुस्त केले. आता मी सांगितले तसाच आहे आणि घडले तसाच आहे, म्हणून अंगठा देते.

निशाणी डावा अंगठा
गुणाबाई बारकू वेखंडे