पायातला दगड

प्राचीन कोरिंथचे अवशेष पाहायच्या रांगेत माझ्यापुढे साठीचे दोन मित्र होते.

"स्ताथी, सहलीला आलायस की मयताला?"

"लेफ्तेरी, लेकीच्या घराचा पाया खणताना कोरलेला दगड लागला."

"हळू बोल! पुरातत्त्ववाल्यांना कळलं तर नातवंडं म्हातारी होतील, पण घर व्हायचं नाही."

"तिचं लग्न सप्टेंबरात आहे. उद्या काँक्रीट येतंय."

"मग ओत आणि विसर."

"वाचला मी तो."

"वाचलास कशाला, गाढवा?"

"आपलीच ग्रीक अक्षरं रे. थडग्याचा दगड आहे. पोर सहा वर्षांची होती."

"नाव?"

"मिर्तो."

रांग दोनदा पुढे सरकली.

"काँक्रीटवाल्याला सांग, उद्या येऊ नकोस."

"तूच लाव फोन. माझ्या तोंडून निघणार नाही."