जिना नको

हिंदी बोलण्याआधी मी वाक्य मनात दोनदा जुळवतो, तरी चुकतंच. मुलगा इथे इंदूरला घर बांधतोय. नकाशात आम्हा दोघांची खोली वरच्या मजल्यावर होती आणि हिला तर दोन पायऱ्याही चढवत नाहीत. मुलाला सांगायचा संकोच वाटला, म्हणून ठेकेदार राजू भियांना (इंदुरात भैयाला भियाच म्हणतात) फोन लावला.

"राजूजी, हम दोनों को अब जीना नहीं चाहिए. घुटने बहुत दुखते हैं."

पलीकडून ते एकदम ओरडलेच, "ऐसा नहीं बोलते बाबूजी! घुटने तो मेरी अम्मा के भी दुखते हैं. आप बैठो, कुछ करना मत!"

थोड्याच वेळात मुलगा ऑफिसातून धापा टाकत आला, मागे राजू भिया.

"बाबा, आमचं काही चुकलं का?"

"अरे, आईला चढवत नाही, म्हणून जिना नको म्हणालो."

ही पोट धरून हसली. "अहो पंडित, हिंदीत सीढ़ी म्हणायचं! जीना म्हणजे जगणं!"

मुलगा हसला नाही. म्हणाला, "भिया, इनका कमरा नीचे ले लो."

राजू भियांनी तिथेच नकाशावर खोली खाली आणली आणि विचारलं, "अब तो जीना है ना, बाबूजी?"