सडक तेराचे मूळ रहिवासी

दौलतराव : मले इतकंच सांगा दिवाकरबाबू, सडक आमची, विहीर आमच्या सडकेवरची, मंग ते बुजवाची का ठेवाची हे वरचे लोक काहून ठरवून राहिले?

दिवाकर : मी या नव्या वसाहतीतले क्वार्टर वाटणारा कारकून. मला काय विचारता? नकाशात विहीर नाही. जे नकाशात नाही ते जमिनीत ठेवायचं नाही, असा हुकूम आहे. सोमवारी मुरमाचा ट्रक येतो.

दौलतराव : नकाशावाल्यानं एक दिवस राहून पाहावं. नळाले अर्धा घंटा पानी येते, तेबी कोमट. चाळीस क्वार्टरं त्या विहिरीवर जगून राहिले.

दिवाकर : म्हणून तर साहेबांनी तुमचा अर्ज फेटाळला नाही. शेरा वाचतो. "उन्हाळ्यात पाणी टिकते अशी खात्री देणारा, दहा उन्हाळे पाहिलेला, त्या सडकेवर राहणारा साक्षीदार आणावा." तो आणा, विहीर नकाशात चढवतो.

दौलतराव : लिवून घ्या माझं नाव. सडक कमिटीचा अध्यक्ष.

दिवाकर : इथं कधी आलात?

दौलतराव : मागच्या दिवाळीले. डोंगरगडच्या लोको शेडातून.

दिवाकर : आता चैत्र चालू आहे. उन्हाळे किती पाहिले?

दौलतराव : हा लागून राहिला ना.

दिवाकर : अर्जात तर "आम्ही सडक तेराचे मूळ रहिवासी" असं लिहिलंय.

दौलतराव : आमच्या आधी तिथं कोनाचं क्वार्टर होतं, सांगा.

दिवाकर : बरं. आणि हा दुसरा अर्ज?

दौलतराव : तो सात नंबरच्या क्वार्टरचा. खलाशी-मजूर नत्थू अन् त्याच्या मायले तुमी दिला म्हने. गाववाले. कमिटीनं ठराव केला, सडकेवर कोन राहीन ते सडक ठरवीन.

दिवाकर : यादी वरून येते, पाळीनं. तुमची हरकत काय?

दौलतराव : बकऱ्या आनतीन.

दिवाकर : बकरी तर तुमच्या मागच्या अंगणात बांधलेली आहे. ओव्हरसियरनं लिहून दिलंय.

दौलतराव : ते कमिटीनं मंजूर केलेली बकरी हाय.

दिवाकर : कमिटीत कोण कोण?

दौलतराव : मी, सरलाबाईचा मालक, एक आंध्रावाला अन् भैयालाल. बकरीच्या वक्ताले भैयालाल तटस्थ राहिला. त्याले दूध जाते आमच्याकडून.

दिवाकर : दौलतराव, तुमची सडक जिथं आहे तिथं दोन वर्षांपूर्वी एक गाव होतं. त्या बाहेर बाकावर बसल्यात ना, त्या नत्थूच्या आई. सकाळपासून चावीसाठी थांबल्यात. भागाबाई, आत या.

(भागाबाई दाराशी चपला काढून आत येतात.)

दिवाकर : सडक तेरावरची ती विहीर उन्हाळ्यात आटते का हो?

भागाबाई : माह्या सासऱ्यानं खंदली ते. तीस वरसं पानी वढलं मी. आटत नाई. पन जेठात पानी पार तळाले जाते. याइचा दोर नाई पुरनार.

दौलतराव : आमचा दोर तुमाले कसा ठावूक?

भागाबाई : येता-जाता पाह्यते ना. विहीर दिसली का बरं वाटते. सडकेवर कोनी इचारत नाई, बाई कोन हाय म्हून.

दिवाकर : दौलतराव, साक्षीदार तर मिळाला. आता तो तुमच्या सडकेवर राहायला हवा.

दौलतराव : तो दुसरा अर्ज जरा इकडे द्या.

दिवाकर : आवक नंबर पडला. परत मिळत नाही.

दौलतराव : मंग त्याच्यावरच लिवा, कमिटीची हरकत नाई.

दिवाकर : कमिटीला विचारलंत?

दौलतराव : भैयालाल तटस्थ राहीन. बाकीच्याइले मी सांगतो.

दिवाकर : भागाबाई, इथं अंगठा द्या. हा साक्षीचा. आणि हा चावीचा.

दौलतराव : काकू, बकऱ्या किती हायेत तुमच्या?

भागाबाई : एकबी नाई बाबू. घर पाडाले आले तवा इकून टाकल्या.

दौलतराव : अन् लांब दोर?

भागाबाई : तो हाय. घरातून तेवढाच उचलून आनला होता.